वैद्य, औषधविक्रेता आणि फौजदारी कायदा : 'मला ठाऊक नव्हते' या बचावाची मर्यादा

कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणाचे नाव 'कण्टकशोधन' असे आहे. प्रजेला काट्याप्रमाणे सलणाऱ्या लोकांचा बंदोबस्त कसा करावा, हा त्याचा विषय. या काट्यांच्या यादीत चोर आणि घातकी लोक पुढे येतात; अगदी आरंभी येतात ते कारागीर, वैद्य आणि व्यापारी. प्राणाला धोका असलेल्या व्याधीची वर्दी न देता चिकित्सा करणाऱ्या वैद्याचा रुग्ण दगावला तर पूर्वसाहस दंड आणि वैद्याच्या कर्मदोषाने दगावला तर मध्यमसाहस दंड, असे कौटिल्य सांगतो. लगेच पुढच्या अध्यायात धान्य, स्नेह, क्षार, लवण, गंध आणि भैषज्य या द्रव्यांत त्याच रंगरूपाचे दुसरे द्रव्य मिसळणाऱ्यास बारा पणांचा दंड सांगितला आहे. आपला व्यवसाय आणि दंडविधान यांचा संबंध इतका जुना आहे. तरीही आपल्या अभ्यासक्रमात व्यवहारायुर्वेद हा विषय परीक्षेपुरता वाचला जातो आणि पदवी हाती पडल्यावर ते पुस्तक कपाटात जाते. प्रस्तुत लेखकही याला अपवाद नव्हता.

हा विषय पुन्हा उघडावासा वाटला तो गेल्या काही वर्षांत आपल्या दाराशी घडलेल्या घटनांमुळे. खापरखेड्याहून सावनेर, सौसर मार्गे जाणारा रस्ता छिंदवाड्यास पोहोचतो. त्याच जिल्ह्यातील परासिया परिसरात सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये खोकल्याचे एक सरबत घेतलेली वीसहून अधिक बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांतील अनेकांना उपचारासाठी नागपूरच्या रुग्णालयांत आणले होते. कांचीपुरम येथील श्रीसन फार्मास्युटिकल या उत्पादकाच्या 'कोल्ड्रिफ' या सरबतात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष ४८.६ टक्के इतके असल्याचे तामिळनाडूच्या शासकीय तपासणीत आढळले. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. हेच विष १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमधून चौदा रुग्णांच्या पोटात गेले होते आणि त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमला गेला होता. परासियाच्या प्रकरणात उत्पादक तर पकडला गेलाच, पण सरबत लिहून देणारा डॉक्टर, घाऊक विक्रेता आणि दुकानदार यांच्यावरही अटकेची वेळ आली. अटक म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे येथे आवर्जून नमूद करतो. परंतु बाटली स्वतः न बनवलेल्या माणसाला पोलीस कोठल्या न्यायाने नेतात, हा प्रश्न त्या आठवड्यात आमच्या भागातील प्रत्येक औषध दुकानात विचारला जात होता. त्याचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

कृती आणि मन

फौजदारी कायद्याचा पाया दोन गोष्टींवर उभा आहे : निषिद्ध कृती आणि त्या कृतीमागील दोषी मन. वकील मंडळी यांना 'ॲक्टस रियस' आणि 'मेन्स रिया' म्हणतात. आपल्याला ही कल्पना परकी वाटू नये. चरकाचार्यांचा प्रज्ञापराध म्हणजे धी, धृती आणि स्मृती यांच्या भ्रंशातून घडणारे अहितकर कर्म. तेथेही नुसत्या कर्माकडे न पाहता कर्त्याच्या बुद्धीकडे पाहिले जाते. अर्थात साम्य इथवरच. प्रज्ञापराधाचे फळ व्याधी, फौजदारी अपराधाचे फळ कारावास.

कायद्याच्या दृष्टीने मनाच्या चार पायऱ्या मानता येतील. पहिली उद्देशाची : विष म्हणूनच विष देणे. दुसरी जाणिवेची : मारण्याचा उद्देश नाही, पण यातून मृत्यू संभवतो हे ठाऊक आहे. तिसरी निष्काळजीपणाची : ठाऊक नव्हते, पण सामान्य सावधगिरीने ठाऊक व्हायला हवे होते. चौथ्या पायरीवर मनाचा विचारच होत नाही; कृती घडली की गुन्हा पूर्ण झाला. व्यापाराशी निगडित बरेचसे गुन्हे तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर मोडतात, आणि आपली फसगत होते ती येथेच. चोराला आपण चोर आहोत हे माहीत असते. दुकानदाराला मात्र आपण आरोपी होऊ शकतो हे समन्स हाती येईपर्यंत सुचत नाही.

चौथ्या पायरीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मुंबईचे आहे. २८ नोव्हेंबर १९६२ रोजी झुरिचहून मनिलाकडे जाणारे विमान सांताक्रूझ विमानतळावर थांबले. मायर हान्स जॉर्ज हा जर्मन प्रवासी विमानातून उतरलाही नव्हता. झडतीत त्याच्या अंगावरील जाकिटात सुमारे ३४ किलो सोने सापडले. भारतातून नुसते पुढे नेल्या जाणाऱ्या सोन्यावरही निर्बंध घालणारी रिझर्व्ह बँकेची अधिसूचना राजपत्रात छापून चारच दिवस झाले होते. झुरिचमध्ये बसलेल्या माणसाने ती वाचली असण्याची शक्यता नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडले. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये बहुमताने दोषी ठरविले. देशाच्या अर्थव्यवस्थेचे रक्षण करणाऱ्या अशा कायद्यात आरोपीला नियम ठाऊक होता की नाही याची चौकशी केली तर कायद्याचा हेतूच विफल होईल, असा त्या निकालाचा आशय. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी मात्र विरुद्ध मत नोंदविले.

पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, त्याच न्यायालयापुढे नथुलाल या धार येथील धान्यव्यापाऱ्याचे प्रकरण आले. परवान्याशिवाय गव्हाचा साठा केल्याचा आरोप होता. त्याने परवान्यासाठी अर्ज केला होता, शुल्क भरले होते आणि अर्ज नामंजूर झाल्याचे त्याला कोणीही कळविले नव्हते. परवाना मिळणारच या प्रामाणिक समजुतीने तो व्यवहार करीत राहिला, शासनाकडे विवरणेही पाठवीत राहिला. न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. कायद्याने मनाचा विचार स्पष्टपणे वगळला नसेल तर दोषी मन हे गुन्ह्याचे अंग मानले पाहिजे, हे तत्त्व तेथे पुढे आले.

दोन्ही निकाल एकत्र वाचले म्हणजे एक व्यावहारिक भेद हाती लागतो. नथुलालला प्रामाणिक अज्ञानाने एकट्याने तारले नाही. त्याच्याजवळ अर्ज होता, शुल्काचा भरणा होता, विवरणांच्या प्रती होत्या. त्याचे प्रामाणिक मन कागदावर दिसत होते. न्यायालयाला आपले अंतःकरण उघडून दाखविता येत नाही. बिलबुक दाखविता येते.

निष्काळजीपणा आणि वैद्य

१ जुलै २०२४ पासून १८६० ची भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता, २०२३ अमलात आली. त्यापूर्वी घडलेल्या कृत्यांना जुनीच संहिता लागू राहते. जुन्या संहितेतील ३०४-अ, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू घडविणे, हे कलम आता १०६ झाले आहे. जुन्या कलमात कमाल शिक्षा दोन वर्षे होती, नव्यात पाच वर्षे आहे. मात्र नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाच्या हातून वैद्यकीय प्रक्रिया करताना असा मृत्यू घडला तर कमाल शिक्षा दोनच वर्षे ठेवली आहे.

अनेक वैद्यमित्र ही सवलत आपल्यालाही आहे असे समजून निश्चिंत आहेत. त्यांनी कलमाखालील स्पष्टीकरण एकदा नीट वाचावे. तेथे 'नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिक' याचा अर्थ राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ अन्वये मान्य अर्हता धारण करणारा आणि त्याच अधिनियमाखालील राष्ट्रीय वा राज्य नोंदवहीत नाव असलेला, असा दिला आहे. आपली अर्हता भारतीय चिकित्सा पद्धतीसाठीच्या २०२० च्या स्वतंत्र अधिनियमाखाली येते आणि महाराष्ट्रात आपली नोंदणी १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमाखाली होते. शब्दशः वाचता बी. ए. एम. एस. पदवीधर या स्पष्टीकरणाच्या बाहेर राहतो. म्हणजे एकाच गावात, एकाच प्रकारच्या चुकीसाठी शेजारच्या एम. बी. बी. एस. डॉक्टरला कमाल दोन वर्षे आणि वैद्याला कमाल पाच वर्षे! हा भेद न्याय्य आहे असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. संघटनेने या एका मुद्द्यावर निवेदने, शिष्टमंडळे आणि गरज पडल्यास याचिका यांचा विचार करावा, अशी नम्र सूचना आहे. सत्कार समारंभांपेक्षा ते काम अधिक निकडीचे आहे.

दिलासा देणारी बाजूही आहे. जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य या २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, फौजदारी दोषासाठी वैद्यकाचा निष्काळजीपणा ढोबळ स्वरूपाचा असला पाहिजे. निदान चुकले किंवा उपचार निष्फळ ठरले एवढ्याने गुन्हा होत नाही. त्या शाखेतील सामान्य कुशल वैद्यक जे करील ते आरोपीने केले किंवा नाही, ही कसोटी. तपास अधिकाऱ्याने कारवाईपूर्वी त्याच शाखेतील तज्ज्ञाचे, शक्यतो शासकीय सेवेतील, स्वतंत्र मत घ्यावे आणि गरजेवाचून अटक करू नये, असेही निर्देश आहेत. 'त्याच शाखेतील' हे शब्द आपण लक्षात ठेवावेत. पंचकर्मातील उपद्रवाबाबत मत द्यायचे तर ते आयुर्वेद तज्ज्ञाचे हवे, असा आग्रह धरण्याचा आधार या निकालात आहे.

हे कवच आपण आपल्या शाखेत राहतो तोवरचे. मुंबईतील पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल या प्रकरणात होमिओपॅथीची अर्हता असलेल्या व्यावसायिकाने तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधे दिली. रुग्ण १९९२ मध्ये दगावला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, ज्या पद्धतीचे शिक्षण नाही तिचा वापर हाच मुळात निष्काळजीपणा होय, वेगळा पुरावा नको. तीन लाख रुपये भरपाई द्यावी लागली. प्रकरण ग्राहक कायद्याचे होते, पण तत्त्व फौजदारी न्यायालयातही उभे राहू शकते. मिश्र चिकित्सेबाबत १९९८ चा मुख्तियारचंद निकाल आणि आपल्या राज्याच्या अधिसूचना यांनी मुभा दिली आहे, तथापि ती राज्याने मान्य केलेल्या मर्यादेपर्यंतच. परासिया प्रकरणातील सरबतात ज्या घटकांचे मिश्रण होते ते चार वर्षांखालील बालकांना देऊ नये, अशी केंद्रीय औषध नियंत्रकांची सूचना डिसेंबर २०२३ मध्येच निघाली होती. ॲलोपॅथीची औषधे लिहिणारे आपल्यापैकी किती जण अशा सूचना वाचतात, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःस विचारावा.

औषध कायदा : आपले प्रकरण 'चार-अ'

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० मध्ये १९६४ च्या दुरुस्तीने प्रकरण चार-अ घातले गेले. आयुर्वेदीय, सिद्ध आणि युनानी औषधे त्यात येतात. येथे वैद्याला एक मोलाची सूट आहे. स्वतःच्या रुग्णांच्या वापरासाठी औषध तयार करणाऱ्या वैद्यास कलम ३३ ईईसी मधील निर्बंध लागू होत नाहीत. मात्र 'स्वतःच्या' हा शब्द तेथे शोभेसाठी नाही. आपण सिद्ध केलेले महायोगराज गुग्गुळ आपल्या रुग्णाला दिले तर सूट आहे. तेच डबीत भरून, चिठ्ठी चिकटवून चौकातल्या मेडिकलमध्ये विक्रीस ठेवले की ती विक्रीसाठीची निर्मिती झाली, आणि परवान्याशिवायची निर्मिती हा गुन्हा आहे. दुकानदाराने अशी डबी ठेवून घेतली तर तोही त्यात ओढला जातो. गावोगाव हे सर्रास चालते. स्नेहापोटी चालते, हे मान्य. पण कायद्यात स्नेहाचा अर्थ तेल-तूप एवढाच!

दुसरा भाग बनावट आणि भेसळयुक्त औषधांचा. दुसऱ्याच्या नावाने विकलेले, अस्तित्वात नसलेल्या कंपनीच्या नावाचे, किंवा मूळ द्रव्याऐवजी दुसरेच घातलेले औषध बनावट ठरते. २००८ च्या दुरुस्तीने अशा औषधाच्या निर्मिती वा विक्रीस किमान एक ते कमाल तीन वर्षे कारावास आणि किमान पन्नास हजार रुपये किंवा जप्त मालाच्या किमतीच्या तिप्पट, यांपैकी अधिक असेल तो दंड ठेवला. आरोग्यास अपायकारक द्रव्य मिसळलेले औषध भेसळयुक्त होय. बनावट माल फक्त पानठेल्यावरच मिळतो असा भ्रम नको. डिसेंबर २०२३ मध्ये आमच्या शेजारच्या कळमेश्वरच्या शासकीय ग्रामीण रुग्णालयातील प्रतिजैविक बनावट निघाले. सप्टेंबर २०२४ मध्ये दाखल झालेल्या दोषारोपपत्रानुसार त्यात टाल्कम पावडर आणि स्टार्च होते, आणि माल हरिद्वारच्या एका पशुवैद्यकीय औषधांच्या प्रयोगशाळेत तयार झाला होता. शासकीय खरेदीच्या चाळणीतून जे निसटते ते आपल्या दुकानात येणार नाही, याची हमी कोण देणार?

येथे स्वतःची एक चूक सांगणे भाग आहे. माझ्या चिकित्सालयात वीज केंद्रातले आणि कोळसा खाणीतले कामगार येतात. गुडघे आणि कंबर हे त्यांचे नित्याचे गाऱ्हाणे. बऱ्याच वर्षांपूर्वी एक प्रतिनिधी सांधेदुखीवरील 'शुद्ध वनस्पतीजन्य' कॅप्सूल घेऊन आला. भाव चांगला होता, बिल मात्र 'पुढच्या फेरीत' देणार होता. रुग्णांना दोन दिवसांत उतार पडू लागला. खरे तर शंका तेथेच यायला हवी होती. जीर्ण संधिगत वात दोन दिवसांत शमतो असे कोणत्या संहितेत वाचले होते? मला आनंद झाला आणि मी पुन्हा माल मागविला. तीन महिन्यांनी एक निवृत्त कामगार आले. चेहरा गोल सुजलेला, पूर्वी नसलेली रक्तशर्करा वाढलेली. तो चेहरा पाहिल्यावर स्टेरॉइडचे निदान करण्यास प्रयोगशाळेची गरज नव्हती. मी कॅप्सूल बंद केल्या, रुग्णास नागपूरला पाठविले, ते सावरले. उरलेला माल मी जाळून टाकला. ही दुसरी चूक. नमुना तपासणीस दिला असता तर तो माल इतरत्र थांबला असता. पण माझ्याजवळ बिल नव्हते, आणि तक्रार केली तर पहिला प्रश्न मलाच विचारला जाईल या भीतीने मी गप्प बसलो. त्या रुग्णाचे बरेवाईट झाले असते तर 'मला ठाऊक नव्हते' हे माझे उत्तर खरे असते आणि तरीही अपुरे ठरले असते. ठाऊक व्हायला हवे होते, ही तिसरी पायरी मी चढून गेलो होतो.

कलम ३३ केए अन्वये औषध कोणाकडून घेतले त्याचे नाव निरीक्षकास सांगणे बंधनकारक आहे. बिलाशिवाय घेतलेल्या मालाचे नाव सांगणार कसे? जे दुकानदार ॲलोपॅथीचा मालही ठेवतात त्यांना कलम १९ (३) चे संरक्षण माहीत असते : माल परवानाधारक उत्पादक वा वितरकाकडून घेतला, योग्य दक्षता घेऊनही दोष कळणे शक्य नव्हते आणि माल योग्य रीतीने साठवून त्याच स्थितीत विकला, हे सिद्ध केल्यास सुटका. परंतु हे कलम प्रकरण चार मधील आहे आणि आपली औषधे चार-अ मध्ये येतात. तेव्हा आयुर्वेदीय मालाबाबत त्याच कवचावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. बिल, बॅच क्रमांक आणि उत्पादकाचा परवाना क्रमांक हे तीन तपशील दोन्ही प्रकारच्या मालासाठी जपावेत. वत्सनाभ, कुपीलु, भल्लातक, पारद, हरताळ इत्यादी अनुसूची ई (१) मधील द्रव्ये असलेल्या पोटात घेण्याच्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापलेली आहे ना, हेही माल उतरवून घेतानाच पाहावे.

आसव-अरिष्टांविषयी थोडे. दारूबंदीच्या काळात मुंबई राज्याने मद्यार्क असलेल्या औषधांवरही निर्बंध घातले, तेव्हा एफ. एन. बलसारा यांनी दिलेल्या आव्हानात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये औषधी व प्रसाधन द्रव्यांपुरती ती कलमे अवैध ठरविली. पुढे मूळ कायद्यातच अशा द्रव्यांसाठी सूट आली. पण ती मद्य म्हणून पिण्यास अयोग्य असलेल्या औषधांना आहे. एकाच गिऱ्हाइकाला रोज संध्याकाळी चार बाटल्या देणारा दुकानदार द्राक्षासव विकतो आहे की आणखी काही, हे त्याने स्वतःच ठरवावे.

जाहिरात

औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ हा आपल्या व्यवसायात सर्वाधिक मोडला जाणारा कायदा असावा. मधुमेह, कर्करोग, अपस्मार, पक्षाघात, हृद्रोग, श्वित्र, लठ्ठपणा, वंध्यत्व अशा अनुसूचित व्याधींवर अमुक औषध उपयोगी आहे अशी जाहिरात करणे हाच गुन्हा. औषध खरोखर उपयोगी होते, हा बचाव नाही. १९६३ च्या दुरुस्तीने हे गुन्हे दखलपात्र झाले. हमदर्द दवाखान्याने या कायद्यास दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये निकालात काढले. काही तरतुदी रद्द केल्या, परंतु अशा व्यापारी जाहिरातीला भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण नाकारले. 'जाहिरात' या शब्दाच्या व्याख्येत पत्रक, लेबल, वेष्टन, तोंडी घोषणा, इतकेच नव्हे तर प्रकाश, ध्वनी आणि धूर यांच्या साहाय्याने केलेली घोषणाही येते. धुराने जाहिरात कोण करीत होते कोण जाणे; पण मोबाईलवर शंभर जणांना धाडलेला संदेश या व्याख्येतून सुटेल असे समजू नये. वैद्याने आपल्या चिकित्सालयावर अमुक व्याधीची चिकित्सा येथे होते असा फलक लावण्यास मात्र कलम १४ ने मुभा दिली आहे. फलक चिकित्सेचा असावा, औषधाचा नको.

पैशाचे गुन्हे

उधारी थकली की दुकानदार म्हणतो, 'चारशेवीस लावतो.' कलम ४२० आता न्याय संहितेत ३१८ (४) झाले आहे. फसवणुकीचा गुन्हा होण्यासाठी व्यवहाराच्या आरंभीच कपटी हेतू असावा लागतो. माल घेताना देण्याची इच्छा होती, पुढे धंदा बुडाला, तर ते दिवाणी देणे आहे. खोटे नाव, खोटा परवाना दाखवून माल उचलला तर ती फसवणूक.

न्यासभंग याहून वेगळा. येथे पैसा प्रथम विश्वासाने हाती येतो आणि नंतर त्याचा अपहार होतो. आमच्या जिल्ह्यास हे उदाहरणाने सांगण्याची गरज नाही. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे सुमारे दीडशे कोटी रुपये २००१-०२ मध्ये खासगी दलाल कंपन्यांमार्फत सरकारी रोख्यांत गुंतविल्याचे दाखविले गेले. रोखे बँकेत आलेच नाहीत. २२ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरच्या न्यायालयाने तत्कालीन अध्यक्ष व सावनेरचे आमदार सुनील केदार यांच्यासह सहा जणांना पाच वर्षांची शिक्षा सुनावली. निकालाविरुद्ध अपील झाले आणि जानेवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने शिक्षा स्थगित करून जामीन दिला. राजकारण हा या नियतकालिकाचा विषय नाही. आपण पाहायचे ते कलम : जुन्या संहितेचे ४०९, आताचे ३१६ (५). लोकसेवकाबरोबरच बँकर, व्यापारी, दलाल आणि अभिकर्ता हेही त्यात नावानिशी आहेत आणि शिक्षा आजन्म कारावासापर्यंत जाते. संस्थेचा कोषाध्यक्ष, पतपेढीचा संचालक, कंपनीची वसुली करणारा वितरक अशा भूमिका आपल्यापैकी अनेकजण हौसेने स्वीकारतात. सही करण्यापूर्वी कागद वाचावा.

न वटलेल्या धनादेशाबाबत परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १३८ आहे. येथे हेतूचा प्रश्न जवळजवळ नाहीच. धनादेश देण्यासाठीच दिला होता असे न्यायालय गृहीत धरते आणि तसे नव्हते हे देणाऱ्याने दाखवायचे असते. ज्यांना पैसे घ्यायचे आहेत त्यांनी मुदती पाठ कराव्यात : धनादेश परत आल्याची सूचना बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस, नोटीस पोहोचल्यावर पंधरा दिवस वाट, त्यानंतर एका महिन्यात तक्रार. दशरथ राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २०१४ च्या निकालाने खटला धनादेश देणाऱ्याच्या बँकेच्या गावी चालवावा लागे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर खात्यात धनादेश भरणाऱ्यास आपल्या शाखेच्या हद्दीतील न्यायालयात जाता येते. घाऊक विक्रेत्यांना 'तारण' म्हणून कोरे धनादेश देणाऱ्या दुकानदारांनी हे उलट बाजूनेही वाचावे.

मालक, नोकर आणि निरीक्षक

दुकानात मालक नसताना नोकराने माल विकला तर जबाबदार कोण? दोघेही असू शकतात. भेसळयुक्त मोहरीचे तेल विकणाऱ्या सरजू प्रसाद या नोकराने 'मी केवळ पगारी माणूस' असा बचाव घेतला, तो सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये फेटाळला. कंपनी वा भागीदारी असल्यास कारभार पाहणारा प्रत्येकजण जबाबदार धरला जातो. नुसता नावापुरता भागीदार सुटू शकतो, पण तो नावापुरता होता हे दाखविणारे कागद हवेत.

चार-अ प्रकरणाखालील खटला निरीक्षकानेच, वरिष्ठांच्या पूर्वमंजुरीने दाखल करायचा असतो. मात्र कोणाचा मृत्यू झाला किंवा फसवणुकीची तक्रार आली तर पोलीस न्याय संहितेखाली स्वतंत्रपणे येऊ शकतात, जसे परासियात आले. निरीक्षक नमुना घेण्यास आला तर वाद घालू नये. विक्रेत्याकडून घेतलेल्या नमुन्याचे चार भाग करून, मोहोरबंद करून त्यांतील एक भाग त्याला परत देण्याची पद्धत कलम २३ मध्ये आहे. तो भाग मागून घ्यावा व मोहोर न फोडता जपावा. पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी बॅच क्रमांक स्वतः पडताळावा.

शासकीय विश्लेषकाचा अहवाल आला की खरी मुदत सुरू होते. अहवालाची प्रत मिळाल्यापासून अठ्ठावीस दिवसांच्या आत, आपण त्याविरुद्ध पुरावा देऊ इच्छितो असे निरीक्षकास किंवा न्यायालयास लेखी कळविले नाही, तर कलम २५ नुसार तो अहवाल निर्णायक पुरावा ठरतो. माझ्या परिचयाच्या एका दुकानदाराने असे पत्र 'दिवाळीनंतर पाहू' म्हणून गल्ल्याच्या खणात ठेवले. दिवाळी झाली, तेव्हा एकतिसावा दिवस होता.